रडणारा डोळा कोरडा कसा पडतो?

माझ्या आजीचा धाकटा भाऊ आंधळा होता. जन्मापासून नव्हे. तीन-साडेतीन वर्षांचा असताना त्याला गोवर आला आणि दोन आठवड्यांच्या आत दोन्ही डोळे गेले. ही गोष्ट १९४० च्या आसपासची, लोह्याजवळच्या एका खेड्यातली. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि लोहा हे गाव कंधार तालुक्यात मोडत असे. आजी सांगायची की आजारापूर्वी काही महिने तो दिवेलागण झाली की अंगणात जागेवरच बसून राही, उंबरठ्याला ठेचकाळे, ताटातली भाकरी चाचपून शोधी. घरातली माणसे म्हणत, "रातांधळं झालंय, मोठेपणी जाईल." मग गोवर आला. गोवर म्हणजे देवीचा कोप, म्हणून घरात फोडणी बंद झाली. पोर नुसत्या कण्यांच्या पाण्यावर राहिले. डोळ्यांवरची चमक गेली, बुबुळ दुधाळ झाले आणि एके दिवशी फुटले.

मी विज्ञानात डॉक्टरेट मिळवून घरी गेले, तेव्हा आजीने मला साठ वर्षे मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "तू एवढी शिकलीस, मग सांग की पोरी, वैद्य म्हणला डोळे वाळले. लेकरू तर रडत हुतं, डोळ्यांतून पाणी येत हुतं. मग वाळले कसे?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. माझा विषय वेगळा होता, हे खरे, पण ती सबबच म्हणायची. नंतर शोध घेऊ लागले तेव्हा लक्षात आले, की आजीचा प्रश्न वैद्यकालाही सुटायला फार वेळ लागला होता.

उत्तराकडे जाण्यापूर्वी वर्गात करता येईल असा एक छोटा प्रयोग सांगते. अळूचे ताजे पान घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, पान कोरडेच राहते. आता पाण्यात चिमूटभर कपडे धुण्याची पावडर विरघळवून तोच थेंब पुन्हा टाका. या वेळी तो पसरतो आणि पान भिजते. पाणी तेवढेच, पान तेच. म्हणजे एखादी वस्तू ओली होणे हे पाणी किती आहे एवढ्यावर ठरत नाही; पाणी आणि पृष्ठभाग यांचे आपसात जमते की नाही, यावरही ठरते. अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. डोळ्याच्या बाबतीत तो शब्दशः घ्यायचा आहे.

अश्रू कोठून येतात, याबद्दल युरोपात बराच काळ समजूत होती की ते मेंदूतून पाझरतात. १६६२ साली नील्स स्टेन्सन या डॅनिश तरुणाने प्राण्यांच्या डोक्यांचे विच्छेदन करून दाखवले की डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक ग्रंथी असते आणि तिच्या बारीक नळ्यांतून पाणी डोळ्यावर येते. पुढे खडकांच्या थरांचा अर्थ लावून भूशास्त्राचा पाया घालणारा स्टेनो तो हाच. चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने पापणीच्या कडेला ओळीने उघडणाऱ्या तेलग्रंथींचे वर्णन केले. त्यांना आजही मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पण डोळ्याला तेल कशासाठी हवे, हा प्रश्न पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणी फारसा विचारला नाही.

१९४६ साली लंडनच्या यूजीन वुल्फने अश्रूंचा पडदा तीन थरांचा असल्याचे मांडले. सर्वांत बाहेर तेलाचा पातळ थर असतो. तो मधल्या पाण्याला वाफ होऊन उडू देत नाही. मधल्या पाण्यात क्षार आणि प्रथिने असतात. त्यांतलेच लायसोझाइम हे जंतुनाशक प्रथिन अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये शोधले. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून अश्रू गोळा केले जात. आणि सर्वांत आत, डोळ्याला चिकटून, श्लेष्माचा थर असतो. आता आतले दोन थर एकमेकांत मिसळलेले मानले जातात, पण कामाची वाटणी वुल्फने सांगितली तशीच राहिली. हा सगळा पडदा मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका जाड असतो. एका डोळ्यातले एकूण पाणी औषधाच्या एका थेंबाच्या सहाव्या-सातव्या भागाएवढेच. म्हणून औषधाचा थेंब टाकला की बहुतेक गालावर ओघळतो.

यांतला श्लेष्माचा थर आपल्या प्रयोगातल्या धुण्याच्या पावडरीचे काम करतो, रीत मात्र वेगळी. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात चषकाच्या आकाराच्या पेशी असतात. त्या श्लेष्म बनवतात आणि त्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. या पेशी नाहीशा झाल्या तर? डोळा अळूचे पान होईल. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. पण पेशी नाहीशा का व्हाव्यात?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांत 'शुष्काक्षिपाक' आहे: पापण्या कडक व खरखरीत होतात, डोळे जळजळतात, उघडताना त्रास होतो, दिसणे गढूळ होते. त्यावर उपाय तुपाचा सांगितला आहे, पोटात आणि डोळ्यावर दोन्हीकडे. कोरड्या डोळ्याला पाणी नव्हे तर स्नेह द्यावा, हे निरीक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. रातांधळेपणावर तेथेच शेळीचे यकृत सांगितले आहे, आणि यकृत हे अ जीवनसत्त्वाचे कोठारच असते. पण म्हणून प्राचीनांना जीवनसत्त्व ठाऊक होते असे म्हणणे बरोबर नाही. उपाय लागू पडणे वेगळे आणि तो का लागू पडतो हे कळणे वेगळे. कारण न कळल्यामुळेच आमच्या खेड्यापर्यंत यकृत पोचले नाही; पोचले ते "मोठेपणी जाईल" हे वाक्य. (घरचे तूप डोळ्यात घालण्याचा प्रयोग कोणी करू नये, हेही सांगून ठेवते. त्यात जंतू असू शकतात.)

कारणाचा माग लागला तो दोन दूरच्या देशांत. १९०४ मध्ये जपानच्या मोरी यांनी 'हिकान' या बालरोगाचे हजाराहून अधिक रुग्ण नोंदवले. दोन ते पाच वर्षांची मुले, कोरडे डोळे, रातांधळेपणा, काहींची बुबुळे विरघळलेली. डोंगराळ भागातल्या भात-भाजी खाणाऱ्या घरांत हा रोग आढळे, कोळ्यांच्या वस्तीत नाही. माशाच्या यकृताचे तेल आणि कोंबडीची यकृते दिल्यावर मुले बरी होत. मोरींनी निष्कर्ष काढला की आहारात स्निग्ध पदार्थ कमी पडतात. निष्कर्ष थोडा चुकला, पण दिशा बरोबर होती.

दुसरा देश डेन्मार्क. मला स्वतःला या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत बोचणारा वाटतो. डेन्मार्क म्हणजे लोण्याचा देश. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोणी परदेशी चांगल्या भावाने जाऊ लागले आणि गरीब डॅनिश घरांत लोण्याऐवजी वनस्पती तेलाचे मार्गारीन व साय काढलेले दूध आले. कोपनहेगनचे बालवैद्य कार्ल ब्लोख यांच्याकडे कोरड्या, फुटक्या डोळ्यांची मुले वाढत्या संख्येने येऊ लागली. एका अनाथालयात त्यांना असे दिसले की एका दालनातल्या मुलांना हा रोग झाला, शेजारच्या दालनात एकालाही नाही. फरक एवढाच की दुसऱ्या दालनात सायीसकट दूध मिळत होते. मग १९१७ च्या अखेरीस जर्मन पाणबुड्यांच्या नाकेबंदीमुळे मार्गारीनचा कच्चा मालच येईना. सरकारने लोण्याचे रेशनिंग केले, प्रत्येकाला परवडेल असा थोडा वाटा ठरवला. १९१८ मध्ये हे रुग्ण झपाट्याने कमी झाले. नाकेबंदीने मुलांचे डोळे वाचवले! जिथे गाई आहेत तिथेच मुले दुधाच्या सायीवाचून आंधळी होत होती, कारण साय बाजारात जात होती. आमच्याकडे तूप विकून मीठ-मिरची आणणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दरम्यान, १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी, तसेच ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर प्रयोग करून लोण्यात वाढीला आवश्यक असा काही अंश असल्याचे दाखवले होते. तोच पुढे अ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. आणि १९२५ मध्ये वोल्बाक व होव यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आजीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर पाहिले. अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांत डोळा, श्वासनलिका, मूत्रमार्ग यांचे ओलसर, मऊ अस्तर बदलून कातडीसारखे होते. श्लेष्म बनवणाऱ्या पेशी जातात आणि त्यांच्या जागी नखा-केसांत असणाऱ्या केराटिनने भरलेल्या चपट्या पेशी येतात. डोळ्यावर कातडे चढते म्हणा ना! पाणी येते, पण अळवावरून ओघळावे तसे ओघळून जाते. रोग फार वाढला तर पुढे अश्रूही कमी होतात, पण सुरुवात पाण्यापासून होत नाही. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे जे ठिपके दिसतात (फ्रेंच वैद्य बितो यांनी १८६३ मध्ये वर्णन केलेले), ते या कातडीचेच चिन्ह.

रातांधळेपणाचे कारण वेगळे, पण उणीव तीच: अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी दृष्टिपटलात लागणारे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. आणि गोवर? गोवर अस्तरांवरच हल्ला करतो, शरीरातला साठा भराभर संपवतो, भूक मारतो. त्यात फोडणी बंद, म्हणजे आहारातला होता नव्हता तो स्नेहही गेला. आजीच्या भावाच्या बाबतीत हे सर्व एकाच पंधरवड्यात घडले.

हे ज्ञान १९२५ चे. त्याचे डोळे गेले १९४० च्या सुमारास. मधल्या काळात भारतात काहीच झाले नाही असे नाही. कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेली पोषणविषयक प्रयोगशाळा होती. तिचे पुढचे संचालक एक्रॉइड आणि मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे राइट यांनी १९३७ मध्ये लाल पाम तेलाने मुलांचे विरघळू लागलेले डोळे बरे करून दाखवले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. नांदेड जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबादच होती. दोन वर्षांची चुकामूक.

या संस्थेने सी. गोपालन यांच्या काळात एक साधा विचार केला. अ जीवनसत्त्व यकृतात महिनोन्‌महिने साठून राहते. मग रोज देता येत नसेल तर एकदाच भरपूर का देऊ नये? हैदराबाद परिसरातल्या खेड्यांत मुलांना असा मोठा डोस देऊन पाहिला, तेव्हा डोळ्यांवरची लक्षणे स्पष्टपणे घटली. त्यावरून १९७० मध्ये देशभरासाठी कार्यक्रम आखला गेला: एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा एक चमचा. दोनच वर्षांत मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पडला. आयात केलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांनी पोट भरले, पण त्यांत पालेभाजी कोठली असणार?

तो चमचा मीही घेतला आहे. नर्सबाई यायच्या, सगळ्या पोरांना ओळीत बसवायच्या आणि पिवळा, तेलकट, गोडसर औषधाचा चमचा तोंडात रिकामा करायच्या. कशासाठी, ते कोणीच सांगितले नाही.

चमच्याची गोष्ट इथे संपत नाही, आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी तर पुढचा भाग जरूर वाचावा. आल्फ्रेड सॉमर यांना इंडोनेशियात असे दिसले की सौम्य कोरडेपणा असलेली मुले इतर मुलांपेक्षा जास्त मरतात, आंधळी होण्याच्या कितीतरी आधी. १९८६ मध्ये त्यांनी सुमात्रातल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: मोठ्या डोसाने बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. १९९० मध्ये भारतातल्या दोन चाचण्यांचे निकाल आले, दोन्हींत सुमारे १५ हजार मुले. तमिळनाडूत मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हैदराबादच्या पोषण संस्थेला मात्र काहीच फरक आढळला नाही. कोण खरे? बारकाईने पाहिले तर तमिळनाडूत दर आठवड्याला छोटा डोस दिला होता, आहारातून मिळावा तेवढा. हैदराबादेत सहा महिन्यांनी मोठा. पुढे उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या चाचणीत (निकाल २०१३) मोठ्या डोसाने मृत्यूत जेमतेम चार टक्के घट दिसली, जी योगायोगानेही असू शकते. डोस खरोखर सर्व मुलांपर्यंत पोचला होता का, यावर सॉमर यांच्यासारख्यांनी शंका घेतली. वाद अजून मिटलेला नाही.

मला विशेष वाटते ते गोपालन यांचे. ज्यांच्या संस्थेतून चमचा निघाला, तेच पुढे म्हणू लागले की हा आंधळेपणा टाळण्याचा तात्पुरता उपाय होता. तो कायमचा करून पालेभाजीचा, दुधाचा प्रश्न बाजूला ठेवणे चूक आहे. आपल्याच कामाची मर्यादा उतारवयात जाहीरपणे सांगणारे शास्त्रज्ञ थोडे. २००१ मध्ये आसामात मोहिमेच्या वेळी नेहमीच्या चमच्याऐवजी मोठे कप वापरले गेले, मुले आजारी पडली, मृत्यूच्या बातम्या आल्या आणि हा वाद वर्तमानपत्रांत पोचला. तरीही ज्या मुलाचे डोळे आज कोरडे पडले आहेत किंवा ज्याला गोवर आला आहे, त्याला हा डोस द्यायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो धडधाकट मुलांना सरसकट देण्याबद्दल.

बुबुळ विरघळलेली मुले आता क्वचितच दिसतात. त्याचे श्रेय एकट्या चमच्याला देता येणार नाही. गोवराची लस आली, रोजगार हमी आली, धान्य आले. उणीव मात्र पुरती गेलेली नाही. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्क्यांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्वारीत ते नसल्यासारखेच. पण अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, चाकवत यांत त्याचा पूर्वद्रव्य कॅरोटीन भरपूर असते, आणि ते शोषले जायला तेल लागते. म्हणजे पुन्हा फोडणीच. उन्हाळ्यासाठी आपण हरभऱ्याची भाजी उन्हात वाळवतो, तेव्हा बरेचसे कॅरोटीन उजेडाने व हवेने नष्ट होते. सावलीत वाळवली तर काही टिकते.

आता कोरड्या डोळ्याचा दुसरा प्रकार. तो मी घरातच पाहिला. सत्तरी ओलांडल्यावर आजीचे डोळे चुरचुरू लागले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटे. तोंड एवढे कोरडे पडे की भाकरी पाण्याशिवाय गिळता येईना. बोटांचे सांधे तर आधीपासूनच सुजलेले. सगळे म्हणाले, वय झाले. औषधाच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले. लाली दोन दिवसांत गेली म्हणून तेच वर्षभर चालू राहिले. ते स्टेरॉइडचे होते. त्याने डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. दाब वाढल्याचे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले तोवर एका बाजूची नजर थोडी गेली होती. मी त्या काळात दर दोन महिन्यांनी घरी येत होते. बाटलीवरचे नाव वाचायला मला वर्षभर सुचले नाही.

डॉक्टरांनी टीपकागदाची एक पट्टी आजीच्या खालच्या पापणीत अडकवली आणि पाच मिनिटांनी मोजली. ही चाचणी ऑटो शिर्मर यांची, १९०३ ची. पट्टी पाच मिलिमीटर रुंद, पस्तीस लांब. निरोगी डोळा साधारण पंधरा मिलिमीटरच्या पुढे भिजवतो. आजीची तीन मिलिमीटर भिजली. इथे खरोखरच पाण्याचा तुटवडा होता. डोळे, तोंड आणि सांधे हे तीन धागे एकत्र जोडले ते स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी, १९३३ च्या प्रबंधात, १९ स्त्रियांच्या निरीक्षणावरून. त्यांच्या विद्यापीठाला तो प्रबंध फारसा पसंत पडला नाही, आणि अध्यापनाचा दरवाजा त्यांना त्या वेळी बंद झाला. १९४३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर उलटते असा हा विकार. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया.

सर्वाधिक आढळणारा प्रकार मात्र तिसरा, तेलाचा. मायबोमच्या ग्रंथी तुंबतात, पाणी भराभर उडून जाते. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडद्याकडे बघताना निम्म्यावर येते, तेव्हाही तेच घडते. डोळा कोरडा पडला की उरलेले अश्रू खारट व दाट होतात, त्याने दाह होतो, दाहाने अश्रूंचा पडदा आणखी फाटतो. हे चक्र ओळखले गेल्यावर उपचार बदलले. कृत्रिम अश्रू आहेतच (दिवसात वारंवार लागत असतील तर परिरक्षकरहित घ्यावेत, कारण परिरक्षकही डोळ्याला बोचतो), त्याबरोबर पापण्यांना कोमट शेक, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बूच, आणि दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब, ज्यांना अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

त्या दिवशी परतताना एसटीत मी आजीला दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या: तिच्या डोळ्यात पाणीच नाही, आणि भावाच्या डोळ्यावर होते ते पाणी टिकत नव्हते. अळूच्या पानाचे सांगितल्यावर तिला ते लगेच पटले. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग काय दिलं असतं तर राहिले असते त्याचे डोळे?" मी म्हटले, अंबाडीची भाजी, तेल घालून, पुष्कळ आधीपासून. ती म्हणाली, "ती तर बांधावर हुती."